गायकवाडबाईंचा चिमटा

“आज कुठं चिमटा काढू गं तुला?”

हे मी ऐकलं ते गाडीच्या मागे उभी असताना. सकाळची वेळ, घाटकोपरच्या आमच्या कॉलनीच्या आवारात दूधवाल्याशिवाय कुणी नव्हतं, आणि आवाज उघड्या बॉनेटच्या पलीकडून येत होता. सूर एखाद्या लाडक्या पोरीशी बोलावं तसा. मला वाटलं, बाईंनी बरोबर कुणाला तरी आणलंय. वाकून पाहिलं तर कुणी नव्हतं. गायकवाडबाई पदर कमरेला खोचून इंजिनवर ओणव्या झाल्या होत्या आणि गाडीशीच बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी आतली एक वायर हळूच उपसली, तिचं टोक जागेवर असल्यासारखं दिसेल असं ठेवून दिलं, फडक्याला हात पुसले आणि बॉनेट बंद केलं. मग मी दिसले. त्या अजिबात दचकल्या नाहीत.

“आलीस? बस. सुरू कर.”

मी बसले, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

“का झाली नाही?” बाईंनी खिडकीत कोपर ठेवून विचारलं.

त्यांनी वायर काढताना मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलंय हे त्यांनाही माहीत होतं. पण आईच्या वयाच्या बाईला पहिल्याच दिवशी ‘तुम्हीच बिघडवलीत’ असं कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्टिअरिंगकडे बघत बसून राहिले. बाईंनी खिडकीतलं कोपर काढून घेतलं. मग म्हणाल्या, “मनातल्या मनात कळलं असंल तर गाडीपण मनातल्या मनात चालव. चल, उतर.”

माझा पहिला धडा तिथेच संपला.

गायकवाडबाईंच्या मोटार स्कूलची ही रीत होती. दुसरीकडे पहिल्या दिवशी क्लच, ब्रेक, गिअर शिकवायचे. बाई आधी गाडी बिघडवायच्या. रोज एक बिघाड, त्यांच्या हातचा, ताजा. कधी बॅटरीची पकड सैल करून ठेवायच्या, कधी एका प्लगची वायर काढायच्या, कधी धुराच्या नळीत चिंधी कोंबायच्या. याला त्या ‘चिमटा’ म्हणत. शिकणारीने तो शोधायचा, आणि नुसता शोधून भागायचं नाही, तर मोठ्याने, क्रमाने, कारणासकट सांगायचा. उत्तर बरोबर आलं की मगच गाडी आवाराबाहेर पडायची. माझ्या बाबतीत ती बरेच दिवस बाहेर पडलीच नाही. उत्तर मला बहुतेक वेळा माहीत असायचं, पण तोंडातून निघायचं नाही. शाळेत मराठीत बोललं की ओरडा बसायचा आणि घरी इंग्रजीत बोललं की सगळे हसायचे, त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले होते. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, कोरी कॅसेट. नवीन कुणी आलं की ओळख करून देत, “ही आमची कोरी कॅसेट. दिसायला झकास, वाजत काही नाही.”

मला याचा राग यायला हवा होता. का कोण जाणे, आला नाही.

मी गाडी शिकायला निघाले ती हौसेने नव्हे. बाबांनी रिटायर झाल्यावर एक जुनी निळी गाडी घेतली, आणि ती दारात आल्यावर घरात प्रश्न निघाला की चालवणार कोण. बाबांच्या डोळ्यांचा नंबर वाढलेला, भाऊ नव्हता, आईने हात जोडले. उरले मी. स्टेशनजवळ एक मोठं मोटार स्कूल होतं, पण तिथे शिकवणारे सगळे पुरुष. आईने आमच्याच आवारातली बाई शोधून काढली. बाईंची गाडी आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीखालीच उभी असायची. खाली जाण्याआधी मी गॅलरीतून अंदाज घ्यायचे, आज कोण कोण आलंय, किती हसतायत, मला किती वेळ उभं राहावं लागेल.

माझ्याबरोबर दोघी शिकत होत्या. एक वंदना, बँकेत नोकरीला, हुशार, सतत बोलणारी. तिला कुठल्याही प्रश्नाची तीन उत्तरं यायची आणि त्यातलं एक बरोबर असायचं. दुसऱ्या सावंतकाकू. त्यांचे यजमान पूर्वी गिरणीत होते, मुलगा गाडी विकत घेतल्यावर सहा महिन्यांत दुबईला गेला आणि गाडी खाली धूळ खात पडली. काकू म्हणायच्या, “झील गेलो तर गेलो, गाडी कशाक कुजवायची?” काकूंना भीती अशी नव्हतीच. त्या स्टिअरिंग असं धरायच्या की खोवणीवर बसून नारळ खवतायत असं वाटावं.

बाई साताऱ्याकडच्या. अंगाने भरलेल्या, चेहरा उन्हाने रापलेला, व्हॉइलची साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. डॅशबोर्डवर बुद्धाची पांढरी, हाताच्या पंजाएवढी मूर्ती. गाडी वाटेत बंद पडली आणि आम्ही गोंधळलो की बाई त्या मूर्तीकडे बोट करायच्या. “त्याच्याकडं बघ. त्याला सोडून सगळ्यांना घाम फुटलाय.”

गाडीला चारच आजार असतात, असं त्यांचं शास्त्र होतं. भूक, ताप, सर्दी आणि हट्ट. पेट्रोल पोचत नसेल तर भूक. इंजिन तापलं तर ताप. ठिणगी पडत नसेल तर सर्दी, कारण पावसाळ्यात वायरींत ओल शिरली की हमखास तेच होतं. आणि किल्ली फिरवली तरी काही हलतच नसेल तर हट्ट, म्हणजे बॅटरी. बाकीचे सगळे आजार पुरुषांनी लावलेले शोध, असं त्या ठासून सांगत. विशेषतः कार्बोरेटर. या शब्दावर त्यांचा दात होता. रस्त्यात गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की चार माणसं जमतात, आणि त्यातला पहिला जो वाकून बघतो तो कार्बोरेटर म्हणतो, हे त्यांचं निरीक्षण होतं. “कळत नाही असं म्हणायची लाज वाटती न्हवं, मग कार्बोरेटर म्हणायचं. घरात बायको का रुसली विचारा, तिथंबी कार्बोरेटरच म्हणतील.”

आम्ही एकदा मोजून पाहायचं ठरवलं. असल्फ्याच्या चढावर गाडी मुद्दाम थांबवून बॉनेट उघडून उभ्या राहिलो. एक पोस्टमन, एक केळीवाला आणि इस्त्रीचे कपडे घेऊन चाललेले एक गृहस्थ, तिघे जमले, तिघेही तेच म्हणाले. बाईंनी तिघांचे मनापासून आभार मानले, त्यांच्याकडून चढावर गाडी ढकलून घेतली आणि वर पोचल्यावर किल्ली फिरवून निघून आल्या. मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई शिक्षिका म्हणून थोर असेल, पण माणूस म्हणून जरा वाईट आहे. मला त्या त्यानंतर जास्त आवडायला लागल्या.

बाईंचं एक मात्र होतं. त्या कधी चुकत नसत. म्हणजे चुकायच्या आमच्याइतक्याच, पण कबूल करायच्या नाहीत. आणि विसरायच्या फार. चष्मा कपाळावर ठेवून शोधायच्या, किल्ली पदराच्या गाठीत बांधून आम्हाला सीटखाली बघायला लावायच्या. दुपारचा डबा त्या इंजिनवर ठेवायच्या, गरम राहायला. एक दिवस तो तिथून काढायला विसरल्या आणि आम्ही विक्रोळीपर्यंत जाऊन आलो. परतताना गाडीत जळका वास सुटला. वंदनाने नाक वर करून जाहीर केलं की क्लचप्लेट जळतेय. मग म्हणाली ब्रेक घासतोय. मग म्हणाली वायरिंग. सावंतकाकूंनी दोनदा हुंगलं आणि शांतपणे सांगितलं, “सुकट आसा. करपली.”

बाईंनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, काळा झालेला डबा फडक्यात धरून बाहेर काढला. चेहरा इंचभर हलला नाही. “वासावरनं आजार ओळखायचा, हा आजचा धडा होता,” त्या म्हणाल्या. “सावंत पास. वंदना नापास. कोरी कॅसेट गैरहजर.” आणि तो डबा त्यांनी इतक्या मानाने मागच्या सीटवर ठेवला की क्षणभर मला खरंच वाटलं, धडाच असेल.

या सगळ्यामुळे आमची सवय अशी झाली की गाडीला काहीही झालं तरी आम्ही घाबरत नव्हतो. तिचं काही बिघडलंय यावर आमचा विश्वासच बसायचा नाही. बाईंनी चिमटा काढला असेल, त्याच सोडवतील. मे महिन्यात एकदा भटवाडीच्या चढावर गाडीच्या तोंडातून वाफ यायला लागली. खरी वाफ, भसाभसा. काकू मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसल्या. “बाईंचो चिमटो आसा. गप बसान रवा.” वंदना हसायला लागली आणि म्हणाली, बाई, आजचा तर एकदम भारी आहे. बाई ओरडल्या की उतरा, पट्टा तुटलाय, तरी आम्ही कुणी उतरेना. शेवटी त्यांनी दार उघडून काकूंना दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा कुठे पटलं.

फॅनचा पट्टा खरोखरच तुटला होता. त्याच्यावर पंखा फिरतो, पाणी खेळतं. तो नाही म्हणजे ताप चढणारच. बाईंनी इंजिन निवू दिलं, मग आमच्या तिघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काकू साडीत, वंदना साडीत, मी सलवार-कमीजमध्ये, नवीन नायलॉनची ओढणी. मी काही म्हणायच्या आत ती त्यांच्या हातात होती. पिळून दोर केला, पट्टा फिरायचा त्या कप्प्यांवरून घट्ट ताणून गाठ मारली, उरलेली टोकं दातांनी फाडून टाकली. त्या ओढणीवर आम्ही हळूहळू, थांबत थांबत कॉलनीपर्यंत आलो. मी घरी ओढणीशिवाय गेले आणि आईने ती कुठे गेली असं विचारल्यावर मला मराठीत किंवा इंग्रजीत, कशातच सांगता येईना. मी म्हणाले, गाडीला लागली. 

चिमट्याची ही रीत बाईंची स्वतःची नव्हती. ती त्यांच्या यजमानांची. गायकवाड टॅक्सी चालवायचे, मग त्यांनी शाळा काढली. फाटकाला तारेने बांधलेल्या पत्र्याच्या बोर्डावर ‘प्रोप्रायटर’ या शब्दापुढे त्यांचंच नाव होतं. ते गेल्याला दोन वर्षं होत आली होती. बाई ही हकिगत दर वेळी वेगळी सांगायच्या. एका वेळी म्हणाल्या, लग्नानंतर त्यांनी आपल्याला शिकवण्यासाठी म्हणून रोज काहीतरी काढून ठेवलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, छे, शिकवण्यासाठी कुठलं. “भांडण झालं की मी टॅक्सी घेऊन माहेरी जाईन म्हणायची. एकदा खरंच निघाले. ह्यांनी आधीच वायर काढून ठेवलेली. मी शोधली, लावली, अन् ठाण्यापर्यंत जाऊन आले. आले तर दारात उभे. मला वाटलं, आता ओरडतात. विचारतात काय, की किती वेळात सापडली?” त्यानंतर गायकवाड दर भांडणानंतर बिघाड जास्त जास्त अवघड करत गेले. “भांडणं वाढली तशी मी मेकॅनिक झाले,” असं म्हणून बाई हसायच्या आणि लगेच कुणाला तरी गिअरवरून झापायच्या.

आता अडचण अशी होती की गायकवाड गेले तरी शाळेचा परवाना त्यांच्याच नावावर होता. तो दिवाळीपर्यंत चालणार होता. बाईंनी स्वतःच्या नावावर करून मागितला, तर आरटीओतून सांगितलं की साहेब येऊन गाडी बघतील, शिकवणं बघतील, मग ठरेल. हे ‘मग ठरेल’ बाईंनी आम्हाला तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून दाखवलं होतं. हसत, अर्थातच. पण स्टेशनजवळच्या त्या मोठ्या स्कूलचे मालक मधल्या काळात दोनदा येऊन गेले, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परवाना काही मिळायचा नाही. गाडी त्यांना विकावी, बाईंनी त्यांच्याकडे पगारावर यावं, लेडीज टीचर म्हणून. फक्त हे बॉनेटचं खूळ बंद. बायकांना बाजारात जाऊन यायचंय, त्यांना इंजिन कशाला दाखवायचं? मी गॅलरीत होते, मला सगळं ऐकू आलं. बाई म्हणाल्या, बाजारातच जायचंय तर रिक्षा आहेत की. 

दुसऱ्या दिवशी वंदनाने विचारलं की बाई, तिथे पगार तर चांगला असेल? बाई म्हणाल्या, पगाराचं काही नाही गं. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, “चिमटा नाही काढायचा तर मी तिथं करू काय? ह्यांचं तेवढंच एक राहिलंय माझ्याकडं.”

साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी गाडी स्वतः धुतली. साबणाच्या पाण्याने चाकंसुद्धा. आम्हा तिघींना सकाळी लवकर यायला सांगितलं होतं, नीट कपडे घालून, कारण साहेब शिकवणं बघणार म्हणजे शिकणाऱ्या हव्यात. वंदना बँकेतून सुटून संध्याकाळी एकदा येणार होती, तिचा चढावरचा सराव कच्चा होता. तिच्यासाठी बाईंनी बॉनेट उघडलं. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे वीज वाटणाऱ्या डबीचं, टोपण काढलं, आतला रोटर उचलला, टोपण परत बसवलं. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा एक तुकडा, तो फिरत फिरत ठिणगी पाडणाऱ्या चारी प्लगना पाळीपाळीने वीज वाटतो. तो नसला तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी सुरू होत नाही, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. हा त्यांचा सगळ्यात अवघड चिमटा. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला.

वंदना आलीच नाही. बाईंनी फाटकापर्यंत दोन चकरा मारल्या. मग समोरच्या बिल्डिंगमधून त्यांच्या मुलीने हाक मारली की साडीला इस्त्री कुठली करायची, आणि बाई बॉनेट बंद करून घाईघाईने गेल्या.

सकाळी साहेब आले. सफारी सूट, मानेवर घडी केलेला रुमाल, हातात कागदांची फाइल. ते फारच कमी बोलायचे. मला तेवढ्यापुरतं त्यांच्याविषयी बरं वाटलं. बाई इस्त्रीची हिरवी साडी नेसल्या होत्या, पायात आज चपला होत्या आणि काखेत पर्स घट्ट धरलेली. साहेबांनी टायर बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला. मग म्हणाले, गाडी चालू करा.

बाई बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तेच.

काकूंनी वंदनाला कोपराने ढोसलं. वंदनाने हसू दाबलं. मलाही वाटलं, बाईंनी कमाल केली; साहेबांसमोर सगळ्यात अवघड चिमटा दाखवणार, आणि आता आमच्यापैकी कुणाला तरी विचारणार. मी नेहमीसारखी अर्धं पाऊल मागे सरकले, म्हणजे मला विचारणार नाहीत.

बाई खाली उतरल्या. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या पकडी हलवून पाहिल्या, एक वायर काढून परत लावली, दुसरी काढून परत लावली. हात भराभर फिरत होते, पण एका जागी थांबत नव्हते. पुन्हा आत बसून किल्ली फिरवली. काकू मजेत डोलत होत्या. बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की काकूंचं डोलणं थांबलं, पण हसू राहिलंच. साहेबांनी घड्याळ बघितलं.

“बाई, गाडीच चालू होत नसेल तर शिकवता कशावर?”

तोपर्यंत बाईंना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.  त्या इंजिनकडे बघत राहिल्या. कपाळावर घाम आला होता, गालाला काळा डाग लागला होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “कार्बोरेटर असंल.”

तेव्हा मला कळलं की हा चिमटा नाही. म्हणजे चिमटाच होता, पण बाईंना तो आठवत नव्हता. वंदनाचंही हसू थांबलं. साहेबांनी फाइल उघडून पेनाचं टोपण काढलं.

मी काय करायचं ते मला सरळ दिसत होतं आणि तेच करता येत नव्हतं. तुम्ही विसरलात, असं म्हटलं असतं तर साहेबांनी तेच लिहून घेतलं असतं. गाडीची मालकीणच आपण काय काढून ठेवलं ते विसरते, तिला परवाना कोण देईल? जवळ जाऊन कानात सांगावं तर साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे. बाई असत्या माझ्या जागी तर त्यांनी काय केलं असतं, याचा मी विचार केला, आणि मला तो करपलेला डबा आठवला.

मी पुढे झाले. म्हणाले, “बाई, आज मी सांगू?”

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत मी आपणहून तोंड उघडलं नव्हतं. काकू पुटपुटल्या, गे बाय माझे. साहेबांचं पेन थांबलं.

मी त्यांनी शिकवलेल्या क्रमाने सुरुवात केली. आवाज पहिल्या दोन वाक्यांत कुठल्या कुठे गेला, मग सापडला. किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतं, म्हणजे हट्ट नाही, बॅटरी चांगली आहे. पेट्रोलचा वास येतो, म्हणजे भूक नाही. सुरूच झाली नाही तर ताप कसला? उरली सर्दी. मी कॉईलकडून, म्हणजे जिथून वीज निघते तिथून, येणारी मधली वायर टोपणातून उपसून, बाई धरायच्या तशी फडक्यात धरली, टोक लोखंडाजवळ नेलं आणि वंदनाला किल्ली फिरवायला सांगितलं. निळी ठिणगी पडली. मग वायर परत बसवली आणि एका प्लगची वायर काढून तशीच धरली. काही नाही. मी म्हणाले की वीज इथपर्यंत येते आणि इथून पुढे जात नाही, तेव्हा बिघाड या दोन्हींच्या मध्ये आहे.

साहेबांनी फाइल मिटून काखेत धरली आणि वाकून पाहिलं. विचारलं, “हे तुम्ही शिकवता? सगळ्यांना?”

“मग?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अर्धा परत आला होता. “माझ्याकडं आधी बॉनेट, मग स्टिअरिंग. गाडी बंद पडली म्हणून माझी पोरगी रस्त्यात कुणाच्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हाणार नाही.”

साहेब म्हणाले, आमच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरलाही हे असं सांगता यायचं नाही. ते चांगलं हसले. हसल्यावर वेगळेच दिसले.

त्या महिन्याअखेर आम्ही चेंबूरला राहायला गेलो, त्यामुळे बाई मला आठवतात त्या तिथेच, उघड्या बॉनेटपाशी, हिरव्या साडीत, काखेतली पर्स दाबून धरलेली. साहेबांसमोर त्यांनी गाडीच्या कडेवर कोपर ठेवलं, रोज खिडकीत ठेवायच्या तसं, आणि रोजच्याच जरबेने म्हणाल्या, “आता शेवटचं सांग. बिघाड काय?”

पण डोळे जरबेचे नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या मला विचारत होत्या.

मी म्हणाले, “ह्या टोपणाखालचा रोटर तुम्ही काल आमच्यासाठी काढून ठेवलाय, बाई. तुमच्या पर्समध्ये आहे.”